अनेक भाषा, अनेक चिप आणि मधला एक ग्राफ: कम्पायलरच्या पोटात काय घडतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या 'सेमिकॉन इंडिया' कार्यक्रमात इस्रोची 'विक्रम ३२०१' ही चिप पंतप्रधानांना भेट दिली गेली आणि तिचे फोटो घरोघरी मोबाइलवर पोचले. ३२ बिटची, रॉकेटच्या उड्डाणातले हाल सोसणारी, भारतात बनलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये या चिपची पहिली खेप इस्रोच्या हवाली झाली होती. तेव्हाच्या अधिकृत निवेदनात एक वाक्य होतं, त्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. या चिपसाठी एडा भाषेचा कम्पायलर, असेम्ब्लर, लिंकर ही सगळी साधनं इस्रोने स्वतः तयार केली आहेत आणि सी भाषेच्या कम्पायलरचं काम सुरू आहे, असं ते वाक्य.

सोलापुरात मी ज्या मुलांना शिकवतो, त्यांनी यावर अगदी बरोबर प्रश्न विचारला. सी भाषा तर १९७० च्या दशकापासून आहे, तिचे कम्पायलर फुकट मिळतात, मग नव्या चिपसाठी ते पुन्हा का बनवायचे? आणि बनवायचेच तर सगळं पहिल्यापासून का?

याचं उत्तर कम्पायलरच्या मधल्या भागात आहे. बाहेरून तो भाग दिसत नाही, पण गेली साठ-पासष्ट वर्षं हुशार माणसं त्यावर डोकं चालवत आली आहेत.

## कम्पायलर आणि गुणाकाराचं संकट

माणूस सी, रस्ट, स्विफ्ट अशा भाषेत प्रोग्राम लिहितो. चिपला यातली एकही भाषा कळत नाही. तिच्या स्वतःच्या ठरावीक आज्ञा असतात: हा आकडा इथून उचल, त्यात तो मिळव, उत्तर तिथे ठेव. माणसाने लिहिलेलं चिपच्या आज्ञांमध्ये बदलणारा प्रोग्राम म्हणजे कम्पायलर.

अडचण अशी की भाषा अनेक आणि चिपची घराणीही अनेक. लॅपटॉपमध्ये बहुतेक इंटेल-एएमडीची, मोबाइलमध्ये आर्मची, आता नव्याने रिस्क-फाइव्हची. दहा भाषा आणि आठ घराणी धरली आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळा कम्पायलर लिहायचा म्हटलं, तर ऐंशी कम्पायलर लागतील. नवी चिप आली की आणखी दहा.

पण मध्ये एक सामाईक रूप ठेवलं, तर? प्रत्येक भाषा त्या रूपापर्यंत आणून सोडायची आणि तिथून प्रत्येक चिपकडे न्यायची. मग दहा अधिक आठ, म्हणजे अठरा तुकड्यांत काम भागतं. या मधल्या रूपाला इंग्रजीत इंटरमिजिएट रिप्रेझेंटेशन म्हणतात. मी पुढे 'मध्यरूप' म्हणेन. भाषेपासून मध्यरूपापर्यंत आणणारा भाग म्हणजे फ्रंट एंड, मध्यरूपापासून चिपपर्यंत नेणारा बॅक एंड.

मुलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. विक्रमच्या आज्ञा इस्रोच्या स्वतःच्या आहेत, जगात दुसऱ्या कुणाच्या चिपमध्ये त्या नाहीत. त्यामुळे तिचा बॅक एंड आयता कुठून मिळणार? तिच्यासोबतच जाहीर झालेली 'कल्पना ३२०१' मात्र स्पार्क नावाच्या जुन्या, खुल्या मानकाप्रमाणे चालते, आणि त्या मानकासाठीची साधनं आधीपासूनच मुक्तपणे उपलब्ध आहेत. देश एक, काळ एक, पण सॉफ्टवेअरचं काम दोन्ही चिपसाठी अगदी वेगळं.

## पूर्व भागातला ग्राफ

सोलापूरकरांना मध्यरूप समजावायला मला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जेकार्ड चादर बनते, तेव्हा डिझाइन थेट मागावर चढत नाही. नक्षी कुठूनही आलेली असो, कुणी हाताने काढलेली, कुणी जुन्या चादरीवरून उतरवलेली, कुणी फोटोवरून घेतलेली, ती आधी ग्राफवर येते. ग्राफचा एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकोन भरलेला असेल तर ताणा वर, रिकामा असेल तर खाली. त्या ग्राफवरून कार्डं पंच होतात, म्हणजे त्यांना भोकं पडतात, आणि कार्डांची माळ जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढते. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण पडद्यावरही शेवटी चौकोनच भरले जातात.

नक्षीत मोर होता की कमळ, हे ग्राफला माहीत नसतं. त्याला फक्त वर-खाली ठाऊक. म्हणूनच कुठलीही नक्षी त्यावर बसते आणि म्हणूनच तो तपासता येतो: इथे धागा फार लांब मोकळा राहतोय, तिथे दोन ओळी एकसारख्या आल्या आहेत. या दुरुस्त्या मूळ चित्रावर करता येत नाहीत आणि कार्डं पंच झाल्यावर महागात पडतात. ग्राफच त्यांची खरी जागा.

पण अनुभवी ग्राफवाला काम हातात घेण्याआधी एक गोष्ट विचारतो: जेकार्ड किती हुकांचं, धागे उचलणारे आकडे त्यात किती? म्हणजे मागाची थोडी माहिती ग्राफमध्ये आधीच शिरलेली असते. पूर्ण तटस्थ ग्राफ नसतो. मध्यरूपाची गोष्ट नेमकी इथेच अवघड होते.

## मध्यरूप दिसतं कसं?

समजा मजुरीचा हिशेब लिहायचा आहे. माणूस असं लिहील:

जर मीटर > ४०० असेल तर
मजुरी = मीटर × दर + भत्ता
नाहीतर
मजुरी = मीटर × दर

मध्यरूपात हे साधारण असं होतं:

त१ = मीटर × दर
मीटर > ४०० असेल तर 'क'कडे जा, नसेल तर 'ख'कडे
क: त२ = त१ + भत्ता, मग 'ग'कडे जा
ख: 'ग'कडे जा
ग: मजुरी१ = फाय (क-कडून आलो तर त२, ख-कडून आलो तर त१)

प्रत्येक ओळीत एकच छोटं काम आहे. 'जर-नाहीतर' गेलं आणि फक्त उड्या उरल्या. मूळ लिखाणात गुणाकार दोनदा होता, इथे एकदाच आहे, कारण दोन्ही वाटांवर तोच गुणाकार आहे हे कम्पायलरला दिसलं. अशा सुधारणेला ऑप्टिमायझेशन म्हणतात. ती मध्यरूपावर एकदा लिहिली की सगळ्या भाषांना आणि सगळ्या चिपना लागू होते. कम्पायलर लिहिणाऱ्याला मध्यरूपाचं अप्रूप वाटतं ते मुख्यतः यासाठी. तुकड्यांची संख्या कमी होते हा फायदा मला तरी दुय्यम वाटतो.

आणखी एक गोष्ट पाहा. एका नावाला किंमत एकदाच मिळते. मूळ लिखाणात 'मजुरी' दोन ठिकाणी भरली जाते, इथे त१, त२, मजुरी१ अशी वेगळी नावं आहेत. हा नियम आयबीएममधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात घडवला आणि १९९१ मध्ये त्याची वेगवान पद्धत प्रसिद्ध झाली. एखादी किंमत कुठून आली हे शोधायला मग सगळा प्रोग्राम चाळावा लागत नाही, त्या नावाची एकमेव ओळ पाहिली की झालं. शेवटच्या ओळीतली 'फाय' ही खूण, जिथे दोन वाटा एकत्र येतात तिथे कोणती किंमत धरायची ते सांगते. नवख्याला ती विचित्र वाटते. पण आज जीसीसी आणि एलएलव्हीएम ही फुकट मिळणारी दोन मोठी कम्पायलर-साधनं आणि गो या भाषेचा कम्पायलर, सगळे याच नियमावर उभे आहेत.

## सर्वांसाठी एकच, हे स्वप्न १९५८ चं

आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांच्या 'शेअर' या संघटनेच्या समितीने १९५८ मध्ये एक प्रस्ताव मांडला. नाव होतं 'अनकोल', म्हणजे सर्व भाषा आणि सर्व यंत्रं यांच्यामध्ये बसणारी एक सार्वत्रिक भाषा. फोरट्रानचा कम्पायलर बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हाची ही दूरदृष्टी. तरीही ते पूर्ण रूपात कधी उभं राहिलं नाही. प्रत्येक नव्या भाषेची नवी खोडी आणि प्रत्येक नव्या यंत्राची नवी सोय एकाच रूपात बसवायची म्हटलं, की एक तर ते रूप अवाढव्य होतं, नाही तर इतकं पातळ होतं की कुणाच्याच कामाचं राहत नाही.

पुढे यश मिळालं ते मागणी कमी करणाऱ्यांना. १९७० च्या दशकात झुरिकमध्ये निकलाउस विर्ट यांच्या गटाने पास्कल भाषेसाठी एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञा ठरवल्या. त्या चालवणारा लहानसा प्रोग्राम लिहिला की पास्कल कुठल्याही यंत्रावर चाले. १९९० च्या दशकात जावाने हीच वाट मोठी केली. पण ही मध्यरूपं मुख्यतः एकेका भाषेच्या मापाने शिवलेली होती.

अनेक भाषांचं खरं सामाईक मध्यरूप म्हणून आज ज्याचं नाव प्रथम घेतात ते एलएलव्हीएम. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी ते सुरू केलं. अडवे हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली, २०१२ मध्ये त्याला एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला. सी, सी प्लस प्लस, रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया अशा भाषा आज यातून जातात.

जीसीसीची कथा थोडी वेगळी आहे. ती १९८७ पासूनची, पण भाषांपासून स्वतंत्र असं नीटस मध्यरूप तिच्यात २००५ च्या ४.० आवृत्तीत आलं. आतलं मध्यरूप बाहेर सहज उघडं केलं तर खाजगी कंपन्या जीसीसीचा अर्धा भाग फुकट वापरून उरलेला भाग बंद ठेवतील, अशी जीसीसी सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना भीती होती. ती निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण त्या सावधगिरीमुळे संशोधक आणि नवी साधनं लिहिणारे एलएलव्हीएमकडे वळले, हेही खरं.

## काय लक्षात ठेवायचं, काय विसरायचं

मध्यरूप कसं आखतात, असं विचारलं तर बहुतेक पुस्तकं आज्ञांची यादी देतात. माझ्या मते यादी ही नंतरची बाब आहे. आखणी म्हणजे मूळ प्रोग्राममधली कोणती माहिती कुठल्या टप्प्यावर सोडायची, याचा निर्णय.

विसरलेलं परत मिळत नाही. मिळालंच तर फार कष्टाने मिळतं. मूळ प्रोग्राममध्ये सरळ मोजणीचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, असतो. एलएलव्हीएमच्या मध्यरूपात त्याच्या उड्या होतात. पुढे चिपच्या एकाच आज्ञेत चार-आठ बेरजा करायच्या असतात, तेव्हा कम्पायलरला त्या उड्यांमधून लूप पुन्हा हुडकावा लागतो. लूप साधा असेल तर जमतं. पण ज्यावर आजचं एआय उभं आहे तो मॅट्रिक्सचा गुणाकार घ्या. तो तीन लूपमध्ये फोडला आणि लूप उड्यांमध्ये मोडले, की 'हा मॅट्रिक्सचा गुणाकार होता' हे ओळखणं जिकिरीचं होतं. आणि चिपमध्ये नेमक्या त्याच कामासाठी खास भाग बसवलेला असतो!

उलट बाजूही आहे. जास्त लक्षात ठेवणं हेही ओझंच. एलएलव्हीएमच्या मध्यरूपात अनेक वर्षं प्रत्येक पत्त्यासोबत 'या पत्त्यावर अमुक प्रकारची वस्तू आहे' अशी नोंद असे. मेमरीतल्या जागेच्या अशा पत्त्याला पॉइंटर म्हणतात. त्या नोंदीचा उपयोग थोडा आणि ती सांभाळण्याचा त्रास मोठा, हे हळूहळू लक्षात आलं. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता असं ठरलं. ही एक नोंद काढायला कितीतरी लोकांची वर्षं गेली, कारण ती सगळीकडे गुंतली होती.

## 'भाषेपासून स्वतंत्र' कितपत खरं?

इथे वाचकाने शंका घ्यावी आणि ती रास्त आहे. दोन आकड्यांची बेरीज घ्या. बेरीज ठरावीक बिटांत मावली नाही तर काय व्हावं? जावा म्हणते, आकडा फिरून दुसऱ्या टोकाला येईल. सी म्हणते, चिन्हासह पूर्णांक असतील तर असं कधी होणारच नाही हे गृहीत धरा. झालं तर जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. बेरीज तीच, अर्थ दोन. एलएलव्हीएमने यावर छान तोड काढली: बेरजेची आज्ञा एकच, पण 'इथे आकडा उतू जाणार नाही' असा शिक्का तिच्यावर मारता येतो. सीचा फ्रंट एंड तो मारतो, जावासारखा नियम असलेल्या भाषांना तो मारायची गरज नसते. मध्यरूपाने कुठल्याही भाषेची बाजू न घेता दोघींना आपलं म्हणणं मांडायला जागा दिली.

पण काही गृहीतकं कुणी शिक्का मारून आणत नाही, ती नकळत शिरतात. सी प्लस प्लसच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे, बाहेर काहीच परिणाम न करणारा लूप कधीतरी संपणारच, असं कम्पायलरने मानलेलं चाले. एलएलव्हीएमचा जन्म सी आणि सी प्लस प्लसच्या घरातला, म्हणून हे गृहीतक त्याच्या सुधारणांमध्ये मुरलं होतं. मग रस्ट आली. रस्टमध्ये मुद्दाम कायम फिरत राहणारा रिकामा लूप लिहिणं पूर्ण वैध आहे. छोट्या यंत्रांत, बिघाड झाला की जागीच थांबण्यासाठी तसा लूप लिहितातही. एलएलव्हीएम मात्र 'हा संपणारच' असं समजून तो पुसून टाकू शके, आणि बरोबर लिहिलेला प्रोग्राम भलतंच वागे. ही अडचण अनेक वर्षं माहीत होती. २०२१ मध्ये १२ व्या आवृत्तीत त्यासाठी वेगळी खूण आली: हे गृहीतक ज्या भाषेला हवं तिने ते सांगावं, न सांगितल्यास धरू नये.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. पहिल्या भाषेच्या सवयी मध्यरूपाला तटस्थ सत्य वाटतात. दुसरी, तिसरी भाषा आल्याशिवाय त्या सवयी आहेत हेच कळत नाही. म्हणून मध्यरूप आखणाऱ्याने सुरुवातीपासून एकमेकींशी न पटणाऱ्या किमान दोन भाषा समोर ठेवाव्यात.

यंत्राच्या बाजूनेही तसंच. सीमधला 'लाँग' हा आकडा ६४ बिटच्या लिनक्सवर ६४ बिटचा, तर विंडोजवर ३२ बिटचा असतो. सीचा फ्रंट एंड मध्यरूप लिहितानाच ही रुंदी पक्की करून टाकतो. म्हणजे एका यंत्रासाठी काढलेलं मध्यरूप उचलून दुसऱ्यावर नेता येईलच असं नाही. आज्ञांचा साचा सर्वत्र एकच असतो, त्यात भरलेला माल मात्र त्या-त्या यंत्राचा असतो. गूगलने एकेकाळी एलएलव्हीएमचंच गोठवलेलं रूप ब्राउझरमध्ये वापरून पाहिलं आणि २०१७ मध्ये ती वाट सोडली. तिच्या जागी वेबअसेम्ब्ली आली, जिच्यात आकड्यांच्या रुंदीसारख्या गोष्टी आधीच काटेकोर ठरवलेल्या आहेत. २०१९ मध्ये ती वेबचं अधिकृत मानक झाली. कम्पायलरच्या आत फिरणारं रूप दर आवृत्तीत बदलू शकतं. लोकांच्या हाती वाटायचं रूप तसं बदलून चालत नाही.

## मग थेट सीमध्येच का रूपांतर करू नये?

करतात. सी प्लस प्लसचा पहिला कम्पायलर सी लिहून देत असे आणि आजही काही भाषा तसं करतात. सीचा कम्पायलर जवळपास प्रत्येक चिपसाठी असतो, त्यामुळे छोट्या भाषेसाठी हा मार्ग उत्तम आहे, असं माझं मत. मात्र सीच्या मनात जे नाही ते सीमधून सांगता येत नाही. वर आलेला आकडा उतू जाण्याचा नियम, संपणाऱ्या-न संपणाऱ्या लूपचे नियम, हे सगळं सीच्या अटींवर घ्यावं लागतं.

## मधला टप्पा म्हणजे वेळ वाया नाही का?

कम्पाइल होताना वेळ जातो, हे खरं आहे. मोठे रस्ट प्रोग्राम पूर्ण ऑप्टिमायझेशनसह बनवताना बराच वेळ एलएलव्हीएमच्या पोटात जातो. गो भाषेच्या मंडळींना झटपट कम्पायलर हवा होता, म्हणून त्यांनी स्वतःचं मध्यरूप आणि स्वतःचे बॅक एंड ठेवले. चिपच्या आज्ञांमध्ये आधीच पूर्ण उतरवलेला असा प्रोग्राम चालताना मात्र मध्यरूप कुठेच उरत नाही, त्यामुळे तो त्यापायी मंद होत नाही. उलट सुधारणांमुळे वेगवान होतो.

## एआय कोड लिहितंय, मग याची गरज किती दिवस?

एआय लिहितं तेही पायथन, सी किंवा रस्ट. चिपपर्यंतची वाट तीच. शिवाय एआयमुळेच मध्यरूपांवर नव्याने काम सुरू झालं आहे. प्रत्येक कंपनी आपली वेगळी एआय चिप काढते आहे, म्हणजे १९५८ चं ते गुणाकाराचं संकट पुन्हा दारात उभं आहे. गूगलमधून २०१९ मध्ये आलेल्या 'एमएलआयआर'ने एकच मध्यरूप हा हट्टच सोडला. त्यात मध्यरूपांचे अनेक थर एकत्र नांदतात. वरच्या थरात मॅट्रिक्सचा गुणाकार हा गुणाकारच राहतो, खालच्या थरात त्याचे लूप होतात, आणखी खाली उड्या. प्रत्येक थर थोडंसंच विसरतो आणि विसरण्याआधी त्या माहितीचा उपयोग करून घेतो. अनकोलच्या स्वप्नाला मिळालेलं हे मला सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं.

## मराठी शब्दांची प्रोग्रामिंग भाषा करता येईल का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर होय असं आहे. 'जर', 'नाहीतर', 'तोवर' असे शब्द ओळखणारा फ्रंट एंड लिहायचा. मध्यरूप तयार झालं की पुढच्या यंत्रणेला मूळ शब्द कोणत्या लिपीतले होते याच्याशी देणंघेणं नसतं. सगळ्या सुधारणा आणि सगळ्या चिप आपोआप हाती येतात. एलएलव्हीएमच्याच संकेतस्थळावर 'कॅलिडोस्कोप' नावाची छोटी भाषा पायरी-पायरीने बनवून दाखवली आहे. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ती सुट्टीत पुरी करू शकेल. भाषेची पुस्तकं, चुका समजावणारे संदेश, वापरणारी माणसं हे काम मात्र कुठलंही मध्यरूप करून देत नाही.

बॅक एंडकडे वळायचं असेल तर रिस्क-फाइव्हपासून सुरुवात करा. हे आज्ञांचं खुलं मानक आहे. आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' ही प्रोसेसर-घराणी त्यावरच आधारलेली आहेत. एलएलव्हीएममधला रिस्क-फाइव्हचा बॅक एंड २०१९ पासून अधिकृत आहे आणि त्याचा सगळा कोड वाचायला खुला आहे. जीसीसीच्या बाजूने आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने शिकवण्याचं मोठं काम केलं आहे, त्यांचं साहित्य जरूर शोधा.

आणि आज रात्री काही करून पाहायचं असेल तर लॅपटॉपवर एलएलव्हीएमवर आधारलेला क्लँग हा सीचा कम्पायलर टाका. वरच्या मजुरीच्या हिशेबाचं चार ओळींचं फंक्शन सीमध्ये लिहा आणि कम्पायलरला मध्यरूप फाइलमध्ये लिहून द्यायला सांगा. एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, एकदा चालू करून. दोन्ही फाइली शेजारी ठेवा आणि दुसरीतून काय काय गळालं आहे ते ओळीओळीने शोधा.